गेलेले आटे

मागच्या श्रावणात एक बाई आपल्या सुनेला घेऊन आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सवा दो की हरी चूड़ियाँ दिखा दीजिए।"

मी हातातला पाना खाली ठेवला. त्यांनी माझ्या मागच्या फळीकडे पाहिलं. तिथं ओळीनं ड्रिल, घासलेटचा डबा, ग्रीसचा डबा आणि एका मोटारीचं उघडं इंजिन-हेड. सून पदराआड हसत होती. चूक त्यांची नव्हती. त्यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला बांगड्यांचं दुकान विचारलं होतं आणि त्यानं मनापासून मदत केली होती : "चूड़ीवाली आंटी? वो नीले फाटक वाला घर।"

हिंदीत बांगडी म्हणजे चूडी, आणि बोल्टच्या अंगावर जे आटे असतात तेही चूडीच. आटे झिजले, उपटले, की इथले मिस्त्री म्हणतात, "चूड़ी मर गई।" या मेलेल्या चुड्या परत उठवायचं काम मी करते. वय अडुसष्ट. नर्मदेकाठच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, कांचघर मोहल्ल्यात, घराच्या पुढच्या खोलीत माझं बाकडं आहे, आणि गोहलपुरातल्या निम्म्या गॅरेजांत मला 'चूड़ीवाली आंटी' म्हणूनच ओळखतात. खरं नाव मंगला. ते रेशनकार्डावर आहे.

काम काय, ते सांगते. लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरणीचं झाकण कधी कधी नुसतंच गोल गोल फिरत राहतं, बसत नाही. तेच इंजिनात होतं. आजकालच्या मोटारींची इंजिनं ॲल्युमिनियमची, आणि त्यांना जोडून धरणारे बोल्ट पोलादाचे. पोलाद आणि ॲल्युमिनियमची कुस्ती लागली तर कोण हरणार हे सांगायला नको. मिस्त्रीनं "अजून थोडं" म्हणून पाना दाबला की बोल्टला काही होत नाही, भोकातले आटे मात्र उपटून येतात. मग तो बोल्ट कितीही फिरवा, धरत नाही. अशा वेळी मी ते भोक ड्रिलनं थोडं मोठं करते, टॅप नावाच्या दातेरी हत्यारानं त्यात मोठे नवे आटे पाडते, आणि त्यात पोलादाची तारेची स्प्रिंग किंवा जाड भिंतीची आखूड नळी म्हणजे बुश बसवते. त्या बुशच्या आतून आटे जुन्याच मापाचे. बोल्टला कळतही नाही की घर बदललं. चांगलं रफू केलेली जागा मूळ कापडापेक्षा टिकाऊ होते ना, तसंच.

हे शिकले कशी? माझे यजमान इथल्या एका संरक्षण कारखान्यात फिटर होते. हृदयाच्या झटक्यानं ते गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. अनुकंपा म्हणून मला तिथंच मजूर म्हणून घेतलं. पहिली दोन वर्षं मी वॉशर मोजले आणि फरशी पुसली. टूलरूममध्ये यादवजी नावाचे म्हातारे फिटर होते. ते टॅप मारत असले की माझा झाडू हळू व्हायचा. एक दिवस त्यांनी मान वर न करता विचारलं, "क्या देख रही हो?"

मी म्हटलं, "आप आगे घुमाकर फिर पीछे क्यों लेते हैं?"

"अब तक किसी ने पूछा नहीं," ते म्हणाले. मग त्यांनी एक ॲल्युमिनियमचा भंगार ठोकळा माझ्या हातात दिला. "आधा आगे, पाव पीछे। नहीं तो छीलन फँसती है और टैप टूटता है। इसमें सौ छेद करो। एक भी टेढ़ा हुआ तो फिर एक से गिनती।"

जेवणाच्या सुट्टीत मी ती भोकं पाडायची, अर्धं पुढे, पाव मागे, कीस मोकळा करत. एकाहत्तराव्याला एकदा चुकले, अठ्ठ्याऐंशीव्याला एकदा. शंभर सरळ भोकं पुरी व्हायला साडेचार महिने लागले. त्यानंतर माझा झाडू दुसऱ्या कोणाला तरी मिळाला. निवृत्त झाले ती फिटर म्हणूनच.

घरी बाकडं मांडलं तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "मिस्त्री कहाँ हैं?" मी म्हणायची, "बैठिए, हाथ धोकर आते हैं।" आत जायची, हात धुवायची आणि परत यायची. मला त्यात मजा वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही असायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एक निवृत्त ठेकेदार होते. त्यांच्या गाडीच्या तेलाच्या टाकीचा खालचा बोल्ट तीन वर्षं थेंब थेंब गळत होता, आणि ते रोज सकाळी खाली पडलेला डाग पाहून समाधानानं निघायचे. मी स्प्रिंग बसवली, गळणं थांबलं. तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर : "अब टपकता ही नहीं। पता कैसे चले कि तेल है?" त्यांना तेल मोजायची पट्टी कुठे असते ते दाखवायला मला अर्धा तास लागला. तेवढ्या वर्षांत ती त्यांनी एकदाही काढली नव्हती.

पण सगळंच हसण्यासारखं नाही.

सहा वर्षांपूर्वी एका जीपचं इंजिन माझ्याकडे आलं होतं. चालवणारा रामकिशन, सवाऱ्या नेणारा. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, ज्या बोल्टांनी खाली आवळलेलं असतं, त्यातल्या एकाचे आटे गेले होते. मी ते भोक नवं केलं. शेजारच्या दोन भोकांत बोल्ट फिरवून पाहिला तेव्हा हाताला जरा ढिलं लागलं. मला ते कळलं होतं. पण मिस्त्री घाई करून राहिला होता, रामकिशनला दुसऱ्या दिवशी वरात न्यायची होती, आणि मी म्हटलं, चालेल.

वरात घेऊन जाताना रस्त्यात तेच शेजारचे आटे उपटले, हेड उचललं गेलं, इंजिन तापलं. वऱ्हाडी ओरडत होते म्हणून रामकिशननं घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी दोन्ही हातांवर आलं. महिन्याभरानं तो माझ्याकडे आला. भांडायला नव्हे. त्यानं फक्त हात दाखवले आणि विचारलं, "आंटी, आपको पता था क्या?"

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. त्याला काय कळणार होतं? पण तो एवढ्या लांबून तेवढंच विचारायला आला होता. तो थोडा वेळ बसला, पाणी प्यायला आणि गेला. त्या दिवसापासून हाताला जे कळतं ते तोंडानं सांगायचंच, गिऱ्हाईक राहो की जावो, असं मी ठरवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. यंदाच्या होळीनंतरचा सोमवार. गोहलपुरातल्या सलीमचा फोन आला. सलीम पन्नाशीचा, स्वतःचं लहान गॅरेज, हात चांगला पण जीभ हातापेक्षा जलद. माझी मराठी त्याला कळते, बोलतो मात्र हिंदीच.

"आंटी, एक हाथगाड़ी आई है।"

"ठेला? त्यात कुठली चूडी?"

"अरे नहीं, कार है। हाथ से चलने वाली।"

मी पिशवी घेऊन ई-रिक्षानं गेले. पांढरी लहान मोटार. आत स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडी बसवलेली : पुढे ढकलली की ब्रेक, ओढली की वेग. पायानं काहीच करायचं नाही. बोनेट उघडं, इंजिनाचं हेड उतरवून बाजूला ठेवलेलं, आणि खालच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, बोल्टांची दहा भोकं. पाच पुढे, पाच मागे. सलीमनं मधला बोल्ट माझ्या हातात ठेवला. त्याच्या अंगाला ॲल्युमिनियमचे आटे गुंडाळीसारखे तसेच चिकटून बाहेर आले होते.

"काहून असं झालं असेल हे?" मी स्वतःशीच बोलले.

"तुम्ही मराठी?" मागून आवाज आला.

गाडीचे मालक प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवून. हेमंत सातपुते, सदतीस-अडतीस वर्षांचे, साताऱ्याकडचे. लहानपणी पोलिओ झालेला. इथल्या एका कॉलेजात दीड वर्षांपासून गणित शिकवतात.

"काकू, 'काहून' म्हणजे 'का', हो ना?"

"का म्हटलं तर माणूस उत्तर देईल न देईल," मी म्हटलं. "काहून म्हटलं की द्यावंच लागते."

ते हसले, आणि मग सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात हेड उघडून बसवलं होतं. तेव्हापासून इंजिन पाणी पिऊ लागलं. सलीमनं परत उघडलं, बसवताना मधला बोल्ट नुसताच फिरत राहिला. आधीच्या गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, पूर्ण ब्लॉक बदला, नाहीतर गाडी विका.

"विकली तर दुसरी घ्यायची, तिच्यात ही दांडी बसवून घ्यायची, मग परिवहन कार्यालयात तपासणी, नोंदणी. कित्येक महिने. तोवर ऑटो. अकरा दिवस ऑटोनं जातोय. ड्रायव्हर लोक चांगले आहेत, काखेत हात घालून उचलून बसवतात. कॉलेजचा शिपाई उचलून उतरवतो. सगळे चांगले आहेत, काकू. पण मला उचललेलं आवडत नाही."

मी हातातल्या बोल्टवरचे आटे नखानं सोडवू लागले.

"आणि शनिवारी सकाळी दादा येतोय. माझा मोठा भाऊ. मला न्यायला. मी इकडे निघालो तेव्हाच घरात सगळे म्हणत होते, एकटा कसा राहशील. ही गाडी होती म्हणून मी तोंड वर करून बोलू शकलो. आता गाडी नाही म्हटल्यावर त्यानं तिकीटच काढलं. राजीनामा दे, घरी येऊन शिकवण्या घे म्हणतो."

शनिवार म्हणजे हातात पाचच दिवस.

मी प्रत्येक भोकात एक एक करून बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला. नऊपैकी तीन ठिकाणी तेच जुनं ढिलं लागलं. मग भोकांच्या तळात कापसाची काडी घातली. काडी ओली आणि काळी आली. आधीच्या माणसानं हेड काढलं तेव्हा भोकांत पाणी उतरलं होतं आणि ते न पुसताच त्यानं बोल्ट आवळले होते. पाणी दाबलं जात नाही. बोल्ट खाली जातो, पाण्याला जागा नाही, मग सगळा ताण आट्यांवर. मधल्यानं जीव सोडला होता. बाकीच्यांनी किती सोसलं होतं ते वरून दिसणार नव्हतं.

"दहाच्या दहा करावी लागतील," मी म्हटलं.

सलीम उसळला. "आंटी! एक मरी है, नौ ज़िंदा हैं। ज़िंदा को काहे मारना?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. प्रत्येक भोकाला ड्रिल लावणं म्हणजे प्रत्येक वेळी नवा धोका. भोकांच्या बाजूनंच इंजिनाच्या पाण्याच्या वाटा जातात, मधली भिंत पातळ. ड्रिल जरा तिरका गेला की ब्लॉक भंगारात.

मी सरांकडे वळले. "तुम्ही ऐकून घ्या. दहा करताना एक जरी बिघडली तरी इंजिन गेलं. हे माझ्या हातून होऊ शकते."

"आणि एकच केली तर?"

"तर शनिवारच्या आत गाडी चालू होईल. किती दिवस चालेल ते मला सांगता येणार नाही. तीन ठिकाणी मला ढिलं लागलं आहे. तुम्ही गाडीत एकटे असता. भर रस्त्यात इंजिन तापलं तर काय करणार?"

त्यांनी बसल्या जागेवरून ती दहा भोकं एकदा मोजली. मग म्हणाले, "दहा करा."

सलीमनं कपाळावर हात मारला, पण दुसऱ्या मिनिटाला बॅटरी काढून जागा मोकळी करायला लागला.

मंगळवार सगळा प्लेट करण्यात गेला. हातातला ड्रिल सरळ धरता येतो असं ज्याला वाटतं त्यानं शंभर भोकं पाडून पाहावीत. मी बोटभर जाडीची पोलादी प्लेट घेतली, तिला मधोमध ड्रिलच्या मापाचं काटकोनात भोक पाडलं आणि दोन्ही बाजूंना खाचा केल्या. प्लेट ब्लॉकवर ठेवायची, मधल्या भोकातून एक सरळ पिन खालच्या भोकात सोडून मध्य धरायचा, शेजारच्या दोन भोकांतून हलक्या हातानं बोल्ट लावून प्लेट पक्की करायची, पिन काढायची. मग ड्रिल त्याच भोकातून जाणार. त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. ब्लॉकवर जराही डुगडुगू नये म्हणून मी प्लेट चारदा घासली. सलीम म्हणाला, "आंटी, इतने में तो ब्लॉक नया आ जाता।" मी ऐकलं नाही असं केलं.

बुधवारी पुढची पाच. सिलिंडरमध्ये कपडे कोंबले, कडांना ग्रीसचे बांध घातले, म्हणजे कीस आत पडणार नाही. मग ड्रिल, मग घासलेटमध्ये बुडवलेला टॅप. ॲल्युमिनियमला घासलेट मानवतं, तेल नाही. अर्धा पुढे, पाव मागे. सर कॉलेज संपवून ऑटोनं थेट गॅरेजवर आले आणि खुर्चीत बसून राहिले. पाच भोकं संध्याकाळी पाचच्या आत झाली. पाचही सरळ.

गुरुवारी मागची रांग. ती गाडीच्या काचेखालच्या पत्र्याला लागून. तिथं टॅपचं हँडल पुरं फिरत नाही. पान्यानं थोडं थोडं फिरवायचं. सहावं झालं. सातव्यात निम्म्यावर टॅप अडकला.

टॅप कडक पोलादाचा असतो. कडक म्हणजे ठिसूळ. तो आत तुटला तर ड्रिलनं निघत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक. पुढे जाईना, मागे येईना. सलीम म्हणाला, "मैं देखूँ?" आणि मी इतक्या जोरात "हात नको लावू" म्हटलं की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला.

मी पान्यावरून हात काढला. घासलेट सोडलं आणि थांबले. मग केसाएवढं पुढे. केसाएवढं मागे. परत घासलेट. तळहाताला टॅपची कुरकूर लागते. ती बदलली की थांबायचं. सर त्या दिवशी रजा टाकून सकाळपासूनच खुर्चीत होते. सलीमनं चहा आणला, तो गार झाला. दीड तासानं मागे घेताना एकदम सुटल्यासारखं वाटलं आणि टॅप बाहेर आला.

मी तो कपड्यानं पुसून उजेडात धरला. खालच्या टोकाचा एक दात नव्हता.

"निकल तो गया," सलीम सुटकेच्या आवाजात म्हणाला.

"एक दात आत आहे."

"उड़ गया होगा, आंटी। ज़रा-सा टुकड़ा है।"

तुकडा तिळापेक्षा लहान असेल. पण तो भोकात राहिला तर बुश तिरका बसणार, आणि सिलिंडरमध्ये गेला तर भिंतीवर ओरखडा. "उडून गेला असेल" हे वाक्य मी पंचवीसेक वर्षांत टूलरूममध्ये कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. मी चुंबकाची काडी घेतली. भोकात घातली, बाहेर काढली, पांढऱ्या कागदावर पुसली. काही नाही. परत. ग्रीसचे बांध काढून बोटांनी चोळून पाहिले. सिलिंडरमधले कपडे एक एक करून झटकले. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला चिकटत नाही, म्हणून काही चिकटलं तर ते तेच असणार, एवढाच एक आधार.

सरांनी खुर्ची पुढे ओढायला लावली. "काकू, कागद माझ्याकडे द्या. तुम्ही काढा, मी पाहतो."

मग तसं सुरू झालं. मी ग्रीस काढून कागदावर लावायची, ते चुंबक फिरवायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. ऊन गॅरेजच्या आत आलं, बाहेर गेलं. मध्ये सलीमही न सांगता तिसरा कागद घेऊन बसला. चारच्या सुमारास सर अगदी शांत आवाजात म्हणाले, "हा बघा."

चुंबकाच्या टोकाला काळा ठिपका. मी तो टॅपच्या तुटल्या जागेशी लावून पाहिला. बरोबर बसला.

सलीम मोठ्यानं हसला आणि सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सर, कॉलेज छोड़ो, मेरे यहाँ आ जाओ।"

सातवं भोक मी दुसऱ्या टॅपनं पुरं केलं, आणि उरलेली तीन शुक्रवारी सकाळी. पाठ अशी भरली होती की सरळ उभं राहता येत नव्हतं. दहा बुश लावले. एकही तिरका नाही. भोकं धुतली, हवेनं वाळवली, परत कापसाची काडी घातली. काडी कोरडी आणि पांढरी आली. मग जोडात बसणारं नवं पातळ गॅस्केट, वर हेड, नवे बोल्ट.

बोल्ट आवळायची एक रीत असते. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं. पहिल्या फेरीत ठरलेला जोर, मग पाव वळसा, मग परत पाव वळसा. तो शेवटचा पाव वळसा म्हणजे आमच्या कामाचा निकाल. आटे जाणार असतील तर तेव्हाच जातात.

"आप घुमाओ," सलीम म्हणाला.

"एवढा जोर माझ्यात नाही आता. तू फिरव, मी बोट ठेवते."

मी मधल्या बोल्टच्या डोक्याला बोट लावलं. सलीमनं लांब दांड्याचा पाना ओढला. बोल्ट घट्ट होत जाताना बोटाखाली एक ताण चढत जातो. आटे सोडणार असले की तो ताण एकाएकी मऊ पडतो, आणि हाताला ते कानाच्या आधी कळतं. ताण चढत गेला. चढतच गेला. पाव वळसा पुरा झाला. एक. मग दुसरा. सातव्याच्या वेळी सलीमनं ओढता ओढता डोळे मिटले. मी म्हटलं, "उघड, पुरा झाला." दहावाही धरला. मी तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसले आणि हाताचं ग्रीस पुसलं.

बाकीची जुळवाजुळव सलीमनं केली. शनिवारी सकाळी आठ वाजता इंजिन चालू झालं. वीस मिनिटं मी टॉर्च घेऊन जोडावरून पाहत होते. पाणी नाही, तेल नाही, बुडबुडा नाही.

सर म्हणाले, "काकू, दादाची गाडी साडेनऊला लागते. मी स्टेशनवर जातो."

"मीही येते. इंजिन तापल्यावर कसं बोलते ते मला ऐकायचं आहे."

"मी पण येऊ?" सलीमनं मराठीत विचारलं. माझ्याशी एवढ्या वर्षांत तो मराठीत बोलला तो एवढंच. पण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं, तो राहिला.

सरांनी कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या, हातांवर अंग तोलून स्वतःच आत सरकले आणि दांडी ओढली. गर्दीतून त्यांचा तो हात पुढे-मागे इतका हलका चालत होता की मी इंजिन ऐकायचं विसरून हातच पाहत राहिले. मग आठवण झाली तसा तापमानाचा काटा पाहिला. निम्म्यावर, स्थिर.

स्टेशनबाहेर दहा मिनिटं थांबलो. गर्दीतून एक उंच, दणकट माणूस आला. एका हातात बॅग, दुसऱ्या काखेत घडी केलेल्या मोठ्या रिकाम्या पिशव्या आणि दोरीचं बंडल. सामान बांधायची तयारी पूर्ण. तो कानाला फोन लावून ऑटोंच्या रांगेकडे निघाला होता. सरांनी हॉर्न वाजवला.

भाऊ थबकला. मग जवळजवळ धावतच आला, पिशव्या खाली टाकल्या, चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला आणि सवयीनं वाकून दोन्ही हात सरांच्या काखेकडे नेले.

"दादा," सर म्हणाले, "मला उतरायचं नाहीये. तू मागे बस. पुढे काकू आहेत."

भावाचे हात तसेच हवेत राहिले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बोनेटकडे पाहिलं, परत भावाकडे. "गाडी बंद पडली होती ना?"

"पडली होती."

त्यानं दरवाजा हळूच लावला, पिशव्या उचलल्या आणि मागे कुबड्यांच्या शेजारी बसला. आम्ही निघालो. मी काट्यावर नजर ठेवून होते, आरशात मला भाऊ दिसत होता. तो मांडीवर त्या रिकाम्या पिशव्या धरून भावाच्या हाताकडे पाहत होता. ओमतीच्या चौकात लाल दिवा लागला. सरांनी दांडी पुढे दाबली, गाडी अलगद थांबली.

"आईनं नर्मदेचं पाणी आणायला सांगितलंय," भाऊ रिकाम्या पिशव्या सीटखाली सरकवत मागून म्हणाला. "लांब आहे का रे इथून?"

"नाही, जवळच आहे," सर म्हणाले. दिवा हिरवा झाला आणि त्यांनी दांडी ओढली.